टँकरवर बसण्याआधी लायसनवर ‘हजार्डस’ची नोंद करून घ्या
सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांतील ड्रायव्हर व गाडीमालकांसाठी माहितीपत्रक

राम राम मंडळी.

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या टेबलासमोर रोज कुणीतरी बसतं आणि विचारतं, “हेवी लायसन आहे, टँकरवर नोकरी लागतीय, आता आणखी काय लागतं?” टँकरमध्ये पेट्रोल, गॅस, रसायनं असा धोकादायक माल असेल तर लायसनवर ‘हजार्डस’ म्हणजे धोकादायक मालाची नोंद लागते. हे उत्तर दोन मिनिटांत देता येतं, पण ते अर्धवट ऐकून गेलेली माणसं पुढं अडकतात. म्हणून हे माहितीपत्रक छापलं आहे. घरी न्या, सवडीनं वाचा, गाडीमालकालाही दाखवा.

आधी हेवी, मग हजार्डस

ज्यांच्याकडं अजून फक्त कारचं लायसन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रान्सपोर्टचं लर्निंग काढायला वयाची २० वर्षं पूर्ण हवीत आणि एलएमव्हीचं, म्हणजे कारसारख्या हलक्या गाडीचं, पक्कं लायसन किमान एक वर्ष जुनं हवं. डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म १-ए लागतो आणि ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५, म्हणजे शिक्षण पूर्ण केल्याचा दाखला, लागतो. लर्निंग मिळाल्यावर ३० दिवसांनंतर टेस्ट देता येते. लर्निंग चालतं सहा महिने. नियमाप्रमाणं हेवीचं शिक्षण ३० दिवसांपेक्षा कमी नसावं आणि त्यात स्टिअरिंगवर प्रत्यक्ष १५ तास तरी बसलेलं असावं. हे १५ तास आम्ही वहीत मांडतो आणि रोज तुमची सही घेतो. “फॉर्म ५ फक्त शिक्का मारून द्या” अशी विनंती कृपया करू नका. लोडगाडी घेऊन उतारावर कोणत्या गिअरमध्ये यायचं हे शिक्का शिकवत नाही.

आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली. शाळा सुटलेल्यांनी त्या भीतीनं थांबू नये.

साडेसात टनांचा निकाल नीट समजून घ्या

६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं निकाल दिला की एकूण वजन ७५०० किलोच्या आत असलेली ट्रान्सपोर्ट गाडी एलएमव्ही लायसनवर चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. छोटा हत्ती आणि पिकअप चालवणाऱ्यांना यामुळं मोठा आधार मिळाला. पण हा निकाल व्हॉट्सॲपवर अर्धाच फिरला. त्याच निकालात न्यायालयानं सांगितलंय की ई-रिक्षा, ई-कार्ट आणि धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांसाठीच्या खास अटी तशाच राहतील. म्हणजे पिकअप लहान असली तरी तिच्यात ॲसिडचे ड्रम असतील तर “माझ्याकडं एलएमव्ही आहे, निकाल आलाय” म्हणून सुटका होत नाही.

ही नोंद कुणाला लागते

आपल्या भागात हे काम भरपूर आहे. पाकणीच्या डेपोतून पेट्रोल-डिझेल भरणारे टँकर, गॅस सिलिंडरच्या गाड्या, साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून इथेनॉल आणि स्पिरिट नेणारे टँकर, चिंचोळी एमआयडीसीत येणारी-जाणारी रसायनं. या सगळ्यांना केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ९ लागू होतो. दुधाच्या किंवा पाण्याच्या टँकरला ही नोंद लागत नाही. गाडीचा आकार टँकरचा आहे का हे बघू नका, आत काय आहे ते बघा.

नियम ९ तीन गोष्टी मागतो: ट्रान्सपोर्टचं लायसन, मान्यताप्राप्त संस्थेतून केलेला तीन दिवसांचा कोर्स, आणि लिहिता-वाचता येणं. भाषेची अट अशी की राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भारतीय भाषा आणि सोबत इंग्रजी. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू या चारही भाषा त्या अनुसूचीत आहेत, त्यामुळं सोलापूरकराची पहिली बाजू कधी अडत नाही. इंग्रजीला मात्र अनेक जण बिचकतात. आमचा अनुभव असा की ज्याला मैलाचे दगड आणि गाड्यांचे नंबर वाचता येतात, तो रोज तासभर बसला तर कामापुरती इंग्रजी अक्षरं आणि मालाची नावं वाचायला शिकतो. यासाठी आम्ही संध्याकाळी वेगळे बसवतो. त्याचे पैसे घेत नाही.

तीन दिवसांचा कोर्स आमच्याकडं होत नाही, हे स्पष्ट सांगतो. राज्य सरकारनं मान्यता दिलेल्या संस्थेतच तो करावा लागतो. संस्थेची मान्यता चालू आहे का, पुढची बॅच कधी आहे, हे आम्ही बघून देतो आणि मग तुम्हाला पाठवतो.

फलक वाचता आला पाहिजे

आमच्या ऑफिसच्या मागच्या भिंतीवर टँकरच्या पाठीवर असतो तसा फलक आम्ही रंगवून घेतलाय. कोर्सला जाण्याआधी प्रत्येकाला त्याच्यासमोर उभं करतो. ज्यांनी दहा-दहा वर्षं टँकर चालवले, त्यांतल्याही अनेकांनी हा फलक कधी वाचलेला नसतो. गाडी धुताना त्याच्यावरून फडकं मारलेलं असतं, एवढंच.

पेट्रोलचा फलक घ्या. त्यावर १२०३ लिहिलेलं असतं. हा पेट्रोलचा जगभर चालणारा क्रमांक, यूएन नंबर. डिझेलचा १२०२, इथेनॉलचा ११७०, एलपीजीचा १०७५. फायर ब्रिगेडचा माणूस लांबून दुर्बिणीतून हा आकडा वाचतो आणि आत काय आहे ते ओळखतो. त्याला टँकरजवळ यावं लागत नाही.

त्याच्या वर हॅझकेम कोड असतो, म्हणजे आग लागली किंवा माल सांडला तर काय करायचं ते सांगणारी खूण. पेट्रोलसाठी ‘३ वाय ई’. यातला ३ सांगतो की आग लागली तर फोम वापरा. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असतं. पाण्याचा जोराचा मारा केला की ते पाण्यावर तरंगत पसरतं आणि आग सोबत घेऊन जातं. ‘वाय’ सांगतो की विझवणाऱ्याला श्वसनाचं उपकरण लागेल, स्फोटक प्रतिक्रिया होऊ शकते, आणि सांडलेला माल अडवून धरा, गटारात-नाल्यात जाऊ देऊ नका. शेवटचा ‘ई’ म्हणजे आजूबाजूची माणसं हलवायचा विचार करा. इथेनॉलच्या कोडची सुरुवात २ नं होते, म्हणजे पाण्याची बारीक फवारणी. इथेनॉल पाण्यात मिसळतं, म्हणून तिथं पाणी उपयोगी पडतं. टँकर दोन्ही सारखेच दिसतात, विझवायची रीत मात्र वेगळी.

माल अडवून धरण्याची गोष्ट आपल्याकडं फार महत्त्वाची आहे. कोर्सच्या अभ्यासक्रमात विहिरी, नद्या आणि तलाव वाचवणं हा वेगळा विषयच आहे. पुण्याकडं जाताना लांबोटीजवळ सीना लागते, पुढं भीमा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वस्त्या आणि वस्तीगणिक विहीर. डिझेल एकदा विहिरीत उतरलं की त्या घराचं पिण्याचं पाणी आणि जनावरांचं पाणी दोन्ही गेलं. फावडं आणि चार पाट्या माती वेळेवर टाकून बांध घातला तर ते वाचतं. म्हणून गाडीत फावडं ठेवा.

टँकर पालथा झाला की लोक कॅन-बादल्या घेऊन धावतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत, चारीत, खड्ड्यात साचते आणि डोळ्यांना दिसत नाही. एकाच्या मोटारसायकलची किक पुरते. अशा वेळी ड्रायव्हर धडधाकट असेल तर त्याचं पहिलं काम वारा ज्या बाजूनं येतोय त्या बाजूला लोकांना लांब नेणं. मग जवळच्या पोलीस ठाण्याला आणि मालकाला कळवणं. हे नियमात लिहिलेलं कर्तव्यच आहे.

आणखी एक. रिकामा टँकर निर्धास्त नसतो. हवेत पेट्रोलच्या वाफेचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असलं की ठिणगीनं स्फोट होतो. भरलेल्या टाकीत वर हवेला जागा कमी असते. खाली केलेल्या टाकीत हवा आणि वाफ दोन्ही भरपूर. “खालीच आहे की, वेल्डिंग मारून घेऊ” असं म्हणून कुणी गाडी गॅरेजला लावत असेल तर त्याला हात जोडून थांबवा.

ट्रेम कार्ड म्हणजे मालाची माहिती, काय झालं तर काय करायचं आणि प्रथमोपचार लिहिलेला कागद. तो माल पाठवणाऱ्यानं द्यायचा आणि ड्रायव्हरनं केबिनमध्ये ठेवायचा. सीटखाली टूलबॉक्समध्ये नको, हाताशी हवा. माल बदलला की कार्डही बदलायला हवं.

प्रमाणपत्र मिळालं म्हणजे नोंद झाली असं नाही

या पत्रकातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच.

मोहोळ तालुक्यातले एक मामा आमच्याकडं आले होते. बावीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस, हातावर एक डाग नाही. तीन दिवसांचा कोर्स केला, प्रमाणपत्र घेतलं, त्याला लॅमिनेशन केलं आणि लायसनसोबत पाकिटात ठेवलं. डिस्टिलरीच्या टँकरवर पहिलीच खेप. माल भरायच्या ठिकाणी गेटवर लायसन तपासलं, प्रमाणपत्रही बघितलं आणि गाडी बाजूला लावायला सांगितली. लायसनवर नोंद नव्हती. दोन रात्री मामा टँकरच्या सावलीत झोपले. माल भरायचा नंबर गेला, मालकानं दुसरा ड्रायव्हर पाठवला. आमच्या टेबलावर त्यांनी ते चकचकीत प्रमाणपत्र ठेवलं आणि म्हणाले, “परीक्षा पास झालो की हो मी.” आम्ही सारथीवर, म्हणजे लायसनच्या सरकारी पोर्टलवर, त्यांचा लायसन नंबर टाकला. एलएमव्ही आणि ट्रान्सपोर्ट एवढंच दिसत होतं.

त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की प्रमाणपत्र घेऊन पुन्हा आरटीओकडं अर्ज करावा लागतो. आरटीओनं लायसनवर ‘धोकादायक माल नेणारी गाडी चालवण्यास अधिकृत’ अशी नोंद केली, की मगच तुम्ही कायद्यानं पात्र होता. सारथी पोर्टलवर यासाठी वेगळी सेवा आहे. अर्ज भरायचा, प्रमाणपत्र जोडायचं, सरकारी फी ऑनलाइन भरायची. फी आम्ही तुमच्यासमोर भरतो आणि पावती तुमच्या मोबाइलवर येते; आमची सेवा-फी वेगळ्या पावतीवर असते. नोंद सारथीवर दिसल्याशिवाय आम्ही “झालं” म्हणत नाही, आणि तोपर्यंत तुम्हीही टँकरची चावी हातात घेऊ नका.

लायसन जुन्या पुस्तकाच्या स्वरूपात असेल तर ते आधी संगणकावर चढवावं लागतं. त्याला ‘बॅकलॉग’ म्हणतात. विजापूर, कलबुर्गी किंवा हैदराबादकडं काढलेलं लायसन असेल तरी आधी त्याची नोंद सारथीवर दिसते का ते पाहू. यात वेळ जातो. गळीत हंगाम तोंडावर आल्यावर सगळेच धावतात, म्हणून श्रावणातच या.

दोन तारखा लक्षात ठेवा

ट्रान्सपोर्टच्या लायसनची मुदत २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर पाच वर्षं झाली. धोकादायक मालाची मुदत तीन वर्षं. पूर्वी ती एकच वर्ष होती. म्हणजे एकाच कार्डावर दोन वेगळ्या तारखा असतात आणि माणूस मोठी तारीख बघून निवांत राहतो. हजार्डसच्या नूतनीकरणाआधी एक दिवसाचा उजळणी कोर्स करा. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. संपल्यावर वर्षाच्या आत केला तर टेस्टशिवाय होतं, त्यानंतर पुन्हा टेस्ट. पूर्वी मुदत संपल्यावरही ३० दिवस लायसन चालायचं. ती सवलत आता नाही. तुमच्या दोन्ही तारखा आम्ही रजिस्टरला लिहून ठेवतो आणि तीन महिने आधी फोन करतो. नंबर बदलला तर तेवढं कळवा.

गाडीमालकांना

ड्रायव्हर ठेवताना लायसन हातात घेऊन बघा, त्याची झेरॉक्स ठेवा आणि सारथीवर तपासा. नोंद नसलेला माणूस टँकरवर बसवला आणि अपघात झाला, तर विमा कंपनी आधी पीडितांना भरपाई देते आणि मग ती रक्कम मालकाकडून वसूल करायला उभी राहते. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेलाच्या टँकरच्या एका अपघातात नेमकं हेच मान्य केलं: नियम ९ ची नोंद नव्हती, म्हणून वसुली मालकाकडून. त्याआधी २०२० मध्येही त्याच न्यायालयानं सांगितलं होतं की लायसनचं नूतनीकरण झालंय का हे बघणं मालकाचं काम आहे. अशी रक्कम लाखांत जाते, एका टँकरच्या मालकाला ती पेलत नाही. याशिवाय लायसन नसताना गाडी चालवायला दिली म्हणून मालकाला ५००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि चालवणाऱ्यालाही तेवढंच.

ड्रायव्हरला कोर्सला पाठवताना तीन दिवसांचा भत्ता कापू नका, ही आमची मनापासून विनंती. भत्त्यासाठी माणूस कोर्स पुढं ढकलतो.

येताना काय आणायचं

मूळ लायसन, आधार, आधारला जोडलेला मोबाइल चालू स्थितीत, तीन दिवसांच्या कोर्सचं मूळ प्रमाणपत्र असेल तर ते, आणि रक्तगट माहीत असेल तर तोही. मोबाइल घरी मुलाकडं ठेवून येऊ नका, ओटीपी त्याच्यावरच येतो. चष्मा असेल तर घेऊन या. फॉर्म १-ए साठी डॉक्टर नजर तपासतात.

रविवारी ऑफिस बंद असतं, पण मागच्या भिंतीवरचा फलक बाहेरूनही दिसतो. गाडी लावून बघायला हरकत नाही.