वीस वर्षं जपलेली लाल चड्डी

काही वर्षांपूर्वी माळेगावच्या यात्रेत पन्नाशीकडे झुकलेला एक पैलवान फडात उतरला. मोडलेले कान, रेड्यासारखी मान, पण पोट लंगोटावरून ओघळलेलं. माझ्या मागं बसलेला म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "आरं, कुस्ती खेळायलाय का पंगतीला बसायलाय ह्यो?" सगळा फड हसला. पैलवानानंही ऐकलं. पोटावरून एकदा हात फिरवला, स्वतःही हसला आणि मातीला हात लावून कपाळाला लावला. समोरचं पोरगं जेमतेम पंचविशीचं. ते भोवती भिरभिरत राहिलं, हा खांबासारखा उभा. शेवटी पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली आणि इनाम निम्मं-निम्मं वाटून दिलं.

२१ मार्च २०२५ ला अमेरिकेचा बॉक्सर जॉर्ज फोरमन वारला, तेव्हा मला आधी तो पैलवान आठवला आणि मग किन्शासा, जिथं तो मुहम्मद अलीकडून हरला होता. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "अलीनं लोळवलेला तो" एवढी ओळख देऊन मंडळी मोकळी झाली. एकानं त्याच्या नावाच्या, मांस भाजायच्या विजेच्या ग्रिलचा फोटो टाकला. दोन्ही खरंच आहे. पण दोनदा हेवीवेट जगज्जेता झालेल्या, आणि त्या दोन विजयांत एकवीस वर्षांहून जास्त अंतर असलेल्या माणसाची एका ओळीत बोळवण करणं काही पटलं नाही.

त्याचा जन्म १० जानेवारी १९४९ चा, टेक्सासमधल्या मार्शल गावचा. वाढला ह्यूस्टनच्या फिफ्थ वॉर्ड नावाच्या गरीब वस्तीत. भावंडं सात, आई स्वयंपाकाचं काम करून घर ओढायची. कधीतरी ती एखादा हॅम्बर्गर घरी आणायची आणि त्याचे तुकडे करून एकेकाच्या हातावर घास ठेवायची, ही आठवण फोरमननं पुढे पुष्कळदा सांगितली. शाळेत न्यायला डबा नसायचा. मग तो रिकामी कागदी पिशवी न्यायचा आणि ती फुगवून, आपण जेवून आलोय असं पोरांना भासवायचा. बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडे सुकडीसाठी शाळेत जाणारी पोरं आज साठी ओलांडून बसलीत. त्या फुगवलेल्या पिशवीत काय होतं हे त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही.

शाळा सुटली आणि पोरगं बिघडलं. अंगापिंडानं दांडगं, त्यामुळे रस्त्यावर लोकांना लुबाडणं सोपं. एकदा पोलीस मागे लागले तेव्हा तो एका घराखाली सरपटत घुसला आणि कुत्र्यांना वास लागू नये म्हणून अंगाला घाण फासून पडून राहिला. आपण चोर झालोय हे तिथं पडल्यापडल्या पहिल्यांदा कळलं, असं तो सांगे. त्यातून त्याला बाहेर काढलं ते जॉब कोअर या सरकारी योजनेनं. गरीब घरच्या पोरांना ठेवून घेऊन हाताला काम शिकवायचं, अशी ती योजना. तिथंही तो मारामाऱ्या करायचा. डॉक ब्रॉडस नावाचे शिक्षक होते, त्यांनी त्याला रिंगणात आणलं. वस्ताद भेटला म्हणायचा. त्यानंतर फार तर दोन वर्षांत, १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये, फोरमननं अंतिम लढतीत सोव्हिएत संघाच्या योनास चेपुलिसला हरवून सुवर्णपदक घेतलं.

त्याच ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या काळ्या धावपटूंनी पदक घेताना वर्णभेदाविरुद्ध मूठ उंचावली होती. फोरमन मात्र जिंकल्यावर हातात छोटा अमेरिकी झेंडा घेऊन रिंगमध्ये फिरला. गोऱ्यांना कौतुक वाटलं, काळ्या वस्त्यांत तो सरकारचा माणूस ठरला. एकोणीस वर्षांच्या पोराला आपण काय केलं हे त्या क्षणी उमगलं असेल असं मला तरी वाटत नाही. पण तो ठपका त्याच्या मनात राहिला.

व्यावसायिक झाल्यावर त्यानं सनी लिस्टनबरोबर सराव केला. लिस्टन माजी जगज्जेता, घुमा आणि दहशत बसवणारा. फोरमननं त्याच्याकडून ठोसा किती शिकला ते जाणकार सांगतील, पण कपाळावरची आठी नक्की उचलली. पत्रकाराकडे न बघणं, प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांत रोखून बघत राहणं. २२ जानेवारी १९७३ ला जमैकातल्या किंग्स्टनमध्ये त्यानं जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं आणि जगज्जेता झाला. तोवर फ्रेझर एकदाही हरला नव्हता, अलीलाही त्यानंच हरवलं होतं.

तेव्हा मराठवाड्यात लोक रोजगार हमीवर खडी फोडत होते, मिलो नावाची परदेशी ज्वारी खात होते. बॉक्सिंगची बातमी कोणाच्या कानावर जाणार? तालमीत तेव्हा एकच नाव होतं, हरिश्चंद्र बिराजदार. आजच्या लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचा हा पैलवान १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाला, पुढे रुस्तुम-ए-हिंद. ठोशाच्या खेळाला इथं मुळं नव्हती, कारण त्याला यात्रा नव्हती. कुस्ती जगली ती यात्रेच्या इनामावर, गावाच्या वर्गणीवर आणि घरच्या दुधावर. बॉक्सिंग आलं ते पोलीस, लष्कर आणि आता संभाजीनगरच्या साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रासारख्या ठिकाणांमधून, म्हणजे सरकारी दारानं. फोरमनलाही तो खेळ सरकारी दारानंच भेटला होता, हे जाता जाता.

आता किन्शासा. झैरेचा, म्हणजे आजच्या काँगोचा, हुकूमशहा मोबुटूला देशाचं नाव जगात गाजवायचं होतं. डॉन किंग या नव्या प्रवर्तकानं दोन्ही लढवय्यांना पन्नास-पन्नास लाख डॉलर कबूल केले आणि मोबुटूनं पैशांची हमी घेतली. फोरमन पंचविशीचा, चाळीस लढती, चाळीस विजय, त्यातले ३७ बाद करून. अली बत्तिशीचा, फ्रेझर आणि नॉर्टनकडून हरलेला. ज्या नॉर्टननं अलीचा जबडा मोडला त्याला फोरमननं दोन फेऱ्यांत संपवलं होतं. अलीचं काही बरंवाईट होऊ नये एवढीच त्याच्या गोटातल्या काहींची इच्छा होती.

लढत सप्टेंबरात ठरली होती. सरावात फोरमनच्या डोळ्यावर जखम झाली आणि ती ३० ऑक्टोबर १९७४ वर गेली. हा महिना-सव्वा महिना अलीनं किन्शासाच्या गल्ल्यांत घालवला. पोरांशी गप्पा, म्हाताऱ्यांशी थट्टा. फोरमन आपला जर्मन शेफर्ड कुत्रा घेऊन हिंडत होता. बेल्जियमच्या राजवटीत पोलीस तसलीच कुत्री लोकांवर सोडत, हे त्याला कोणी सांगितलंच नाही. मेक्सिकोत झेंडा, इथं कुत्रा. अशा बाबतीत त्याचं नशीबच खोटं. लढतीच्या वेळी अख्खं मैदान "अली बोमाये" म्हणून ओरडत होतं. बोमाये म्हणजे ठार मार त्याला.

अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या सोयीसाठी लढत पहाटे चार वाजता सुरू झाली. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेआठ, पोरं दप्तर घेऊन शाळेच्या वाटेवर. दुसऱ्या फेरीपासून अली दोरांना टेकला, हात चेहऱ्यापुढे धरले आणि फोरमनला मारू दिलं. कुस्तीत खाली बसून दम काढणारा गडी आपण पाहतो, तसाच प्रकार, फक्त इथं प्रत्येक क्षणाला बरगडीवर घणाचा घाव. फोरमन मारत राहिला. सातव्या फेरीत त्यानं सगळं बळ एकवटून ठोसा दिला, तेव्हा अलीनं त्याला धरून कानाशी विचारलं, एवढंच का जॉर्ज? हा किस्सा फोरमननंच सांगितलेला. वर तो म्हणायचा, खरंच तेवढंच उरलं होतं. आठव्या फेरीत अली दोरावरून सुटला, चार-पाच ठोसे मारले आणि फोरमन गोल फिरत खाली गेला.

पुढची कित्येक वर्षं तो कारणं शोधत राहिला. दोर सैल केले होते. पाण्यात काहीतरी मिसळलं होतं. पंचांनी आकडे घाईनं मोजले. तालमीत बसणाऱ्या कोणालाही ही यादी पाठ असते, फक्त दोराच्या जागी माती आणि पाण्याच्या जागी लिंबू घालायचं.

१७ मार्च १९७७ ला प्युएर्तो रिकोमधल्या सान हुआनला तो जिमी यंगकडून गुणांवर हरला. उकाडा भयंकर होता. लढतीनंतर कपडे बदलायच्या खोलीत त्याला आपण मरतोय असं वाटलं. अंधार, पोकळी, आणि मग देवाची हाक, असं तो त्याचं वर्णन करी. डॉक्टरी हिशेबानं तो उष्माघाताचा झटका असेल. पण त्यानं खेळ सोडला हे खरं. आधी रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून प्रवचन, मग ह्यूस्टनमध्ये छोटं चर्च. डोकं भादरलं, वजन वाढवलं, मूठ वळायची बंद केली. दहा वर्षं त्यानं कोणाला ठोसा मारला नाही.

याच काळात एक आई आपल्या वाया चाललेल्या पोरांना घेऊन आली, त्यांच्याशी बोला म्हणाली. पण तिला परत पाठवलं गेलं. पुढे ती पोरं चोरीच्या प्रकरणात सापडली. ते फोरमनच्या जिवाला लागलं आणि १९८४ साली त्यानं साठवलेल्या पैशातून पोरांसाठी व्यायामशाळा काढली. पैसा पुरेना. एका धार्मिक मेळाव्यात त्याला बोलायला बोलावलं आणि तिथल्या पुढाऱ्यानं जॉर्जच्या पोरांसाठी द्या हो, म्हणत पुन्हा पुन्हा थाळी फिरवली. फोरमनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पैसे कसे मिळवायचे हे आपल्याला येतं, पुन्हा जगज्जेता होऊ, असं त्यानं तिथंच ठरवलं.

ही गोष्ट मी प्रथम वाचली तेव्हा नीट कळली नव्हती. वर्गणीत लाज कसली? आमच्या गावात देवळापासून तालमीपर्यंत सगळं वर्गणीवर उभं आहे. उलगडा माळेगावच्या त्या पोटवाल्या पैलवानानं केला. कुस्ती सुटल्यावर तो मातीनं माखलेला तसाच, हात पुढे करून फडातून फिरला. लोक दहाची, वीसची, कोणी शंभराची नोट ठेवत होते. पंगतीवरून बोललेल्या म्हाताऱ्यानंही बंडीच्या खिशातून पन्नास काढले. "कशाला रे पैका?" त्यानं विचारलं. "तालमीवर पत्रे टाकायलोत, आबा." त्यानं मागितलं ते लढून झाल्यावर, म्हणून ते बक्षीस होतं. फोरमनपुढे थाळी फिरली तेव्हा त्याच्या अंगाला माती नव्हती.

९ मार्च १९८७ ला तो परत उतरला तेव्हा वजन १२१ किलोच्या घरात. झैरेत शंभरच्या आसपास होतं. वृत्तपत्रांनी टिंगल केली आणि यावेळी तोही टिंगलीत सामील झाला. चीजबर्गरवरचे विनोद तो स्वतःच सांगायचा. लिस्टनची आठी गेली होती. पण हसता हसता काही गोष्टी त्यानं फार विचारानं बदलल्या होत्या. दोन फेऱ्यांच्या मधे तो स्टुलावर बसत नसे, कोपऱ्यात उभाच राही. दोन्ही हात छातीपुढे आडवे धरून बचाव करायची जुनी रीत त्यानं आर्ची मूरकडून घेतली होती, आणि मूर स्वतः चाळिशी उलटल्यावरही जगज्जेता राहिलेला. मुख्य म्हणजे फोरमन आता घाई करत नव्हता. १९९१ मध्ये तेव्हाचा जगज्जेता इव्हँडर होलीफिल्डसमोर तो बारा फेऱ्या टिकला. हरला, पण हसणाऱ्यांची तोंडं त्या रात्री बंद झाली.

१९९४ मध्ये तेव्हाचा जगज्जेता मायकेल मूररशी लढत ठरली. वय जास्त म्हणून एका जागतिक संघटनेनं मान्यता नाकारली, फोरमन कोर्टात गेला आणि जिंकून आला. ५ नोव्हेंबरच्या रात्री लास वेगासला तो रिंगमध्ये आला तेव्हा अंगात तीच लाल चड्डी होती, किन्शासात घातलेली. आणि कोपऱ्यात उभे होते अँजेलो डंडी, किन्शासात अलीच्या कोपऱ्यात असलेले. दोर सैल केल्याचा आळ फोरमननं ज्यांच्यावर घेतला तेच.

मूरर २६ वर्षांचा, डावखुरा, अपराजित. नऊ फेऱ्या त्यानं फोरमनचं तोंड सुजवलं. तिन्ही पंचांच्या कागदावर मूरर पुढे होता. फोरमन मात्र त्याला हळूहळू आपल्या उजव्या हातासमोर आणत होता. दहाव्या फेरीत एक साधा उजवा ठोसा कपाळावर बसला आणि लगेच दुसरा, अगदी आखूड, हनुवटीवर. लांबून पाहणाऱ्याला तो जोराचा वाटलाही नसेल. मूरर पाठीवर पडला आणि दहा मोजेपर्यंत उठला नाही. फोरमननं हात उंचावले नाहीत. तो कोपऱ्यात गेला, गुडघे टेकले आणि डोकं खाली घातलं. वय ४५ वर्षं २९९ दिवस. तोवर एवढ्या वयाचा हेवीवेट जगज्जेता झाला नव्हता.

आपल्याकडे तेव्हा रविवारची सकाळ उजाडलेली, दिवाळी नुकतीच झालेली. किल्लारीच्या भूकंपाला वर्ष उलटलं होतं आणि त्या पट्ट्यात कित्येक कुटुंबं अजून पत्र्याच्या शेडमध्येच होती.

पुढचं लवकर सांगता येतं. ठरवून दिलेल्या प्रतिस्पर्ध्यांशी लढायला त्यानं नकार दिला आणि मिळवलेले किताब एकेक करून गेले. ग्रिल मात्र दहा कोटींवर खपला. १९९९ मध्ये नाव वापरण्याच्या हक्कापोटी त्याला रोख आणि शेअर मिळून तेरा कोटी पंचाहत्तर लाख डॉलर मिळाले, आयुष्यभरात ठोसे मारून मिळवलेल्या पैशाहून जास्त. बारा मुलांपैकी पाचही मुलग्यांचं नाव त्यानं जॉर्ज ठेवलं. आपला खरा बाप कोण हे त्याला मोठेपणी कळलं होतं.

शेवटची लढत नोव्हेंबर १९९७ मध्ये झाली. शॅनन ब्रिग्जला गुणांवर विजयी दिलं, पाहणाऱ्यांतल्या बहुतेकांना तो निकाल पटला नाही. १९७४ नंतर कारणांची यादी करत बसलेल्या फोरमननं यावेळी दोराचं, पाण्याचं, पंचांचं नाव काढलं नाही. तेव्हा तो ४८ वर्षांचा होता, माळेगावच्या त्या पैलवानाएवढाच.