बिवळ्याच्या पेल्यापासून औषध चाचणीपर्यंत

जत्रेत, आयुर्वेदिक दुकानात आणि आता ऑनलाइनही बिवळ्याच्या लाकडाचा पेला मिळतो. रात्री त्यात पाणी भरून ठेवायचं, सकाळी उपाशीपोटी प्यायचं. पाणी तपकिरी होतं, उन्हात धरलं तर निळसर झाक मारतं. 'शुगर'साठी हा उपाय करणारी माणसं बहुतेक प्रत्येक गावात असतील. या झाडाची रीतसर परीक्षा झाली आहे, हे मात्र त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

बिवळा, म्हणजे विजयसार किंवा संस्कृत ग्रंथांतला असन. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात असनादि गण, म्हणजे असनापासून सुरू होणारा औषधी वनस्पतींचा गट येतो आणि त्याच्या उपयोगांत प्रमेहाचा, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या विकारांचा उल्लेख आहे. औषधात वापरायचं ते खोडाच्या आतलं जून, गडद लाकूड.

प्रयोगशाळेत या झाडाची वाट सरळ गेली नाही. 1981 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये भारतीय संशोधकांचं एक टिपण आलं. बिवळ्यातल्या एपिकॅटेचिन या द्रव्यामुळे उंदरांच्या स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी पुन्हा वाढतात, असा त्यात दावा होता. खरं ठरलं असतं तर मधुमेहाच्या उपचारांची दिशाच बदलली असती. पण पुढच्या काही वर्षांत इतर प्रयोगशाळांनी ते करून पाहिलं आणि त्यांना तसा परिणाम दिसला नाही. आजही जाहिरातींत 'स्वादुपिंड पुन्हा जिवंत करतं' असं छापलेलं दिसतं, तेव्हा या फसलेल्या पडताळणीची आठवण ठेवायला हवी.

माणसांवरची चाचणी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने हाती घेतली. पारंपरिक उपचार आधुनिक कसोटीवर तपासण्याचं काम परिषद आधीपासून करत होती. भगंदरावरच्या क्षारसूत्राची, म्हणजे औषधी क्षार लावलेल्या दोऱ्याची, बहुकेंद्री चाचणी 1991 मध्ये प्रसिद्ध झाली होती. विजयसारचा पहिला अहवाल 1998 चा. चार केंद्रं, मधुमेहाचं निदान नुकतंच झालेले 97 रुग्ण, 12 आठवडे. सुरुवात रोज 2 ग्रॅमने, गरजेप्रमाणे 3 किंवा 4 ग्रॅमपर्यंत वाढ. 67 जणांची, म्हणजे 69 टक्के रुग्णांची साखर आटोक्यात आली, त्यांतल्या बहुतेकांची 2 ग्रॅमवरच. दुष्परिणामांची नोंद झाली नाही. चार जणांची जेवणानंतरची साखर फारच वाढल्याने त्यांना चाचणीतून काढावं लागलं.

69 टक्के हा आकडा पुढे खूप फिरला. त्याच अहवालातला दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो: रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीएवनसी 9.8 टक्क्यांवरून 9.4 टक्क्यांवर आलं. घट खरी, पण लहान. शिवाय तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. निदान झाल्याझाल्या माणूस गोड कमी करतो, चालायला लागतो. साखर त्यानेही उतरते. मग श्रेय कोणाचं, पथ्याचं की लाकडाचं? अशा रचनेत याचं उत्तर मिळतच नाही.

म्हणून पुढची चाचणी डबल ब्लाइंड झाली: कोणाला काय दिलं आहे हे रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही. तुलनेला टोलब्यूटामाइड हे मधुमेहावरचं जुनं, चांगलं परिचित औषध होतं. 2005 मध्ये निकाल आला: विजयसार घेणाऱ्यांपैकी 86 टक्के, टोलब्यूटामाइड घेणाऱ्यांपैकी 94 टक्के रुग्णांची साखर नियंत्रणात. देशी झाड गोळीच्या इतक्या जवळ पोचलं, हे मला मोलाचं वाटतं.

या निकालांची हद्दही त्यांतच आहे. रुग्ण टाइप 2 चे, तेही नवे. ज्यांचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही अशा टाइप 1 च्या मुलांना, किंवा वर्षानुवर्षं औषधावर असलेल्यांना यातून काहीच लागू करता येत नाही. इन्सुलिन थांबवून पेल्यावर विसंबणं जिवावर बेतू शकतं. चाचणीत मात्रा मोजून दिली जात होती. पेल्यातून रोज किती अर्क उतरतो ते लाकूड किती जून आहे आणि पेला किती वेळा वापरून झाला आहे यावर ठरतं, आणि घरी ते कोणी मोजत नाही. काही दुकानांत बिवळ्याच्या नावाखाली दुसरंच लाकूड विकलं जात असेल, तर तेही गिऱ्हाइकाला ओळखता येत नाही.

गाभ्याचं लाकूड मिळवायचं तर मोठं झाड तोडावं लागतं. इमारती लाकूड म्हणूनही बिवळ्याला जुनी मागणी आहे, आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत तो आता संकटाच्या उंबरठ्यावरच्या प्रजातींत नोंदलेला आहे.