क्रोम आणि स्टेनलेस स्टील: जुन्या अमेरिकन गाड्यांवरील दोन चकाक्या

१९५७ सालच्या शेव्हरले बेल एअरच्या अंगावर जे जे चमकते, त्याला सर्रास क्रोम म्हटले जाते. प्रत्यक्षात तिचे बंपर क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादाचे आहेत, तर बाजूने मागच्या पंखांकडे धावणाऱ्या लांब पट्ट्या पॉलिश केलेल्या स्टेनलेस स्टीलच्या आहेत. (त्या पट्ट्यांमधला रेघारेघांचा चंदेरी पत्रा अॅल्युमिनियमचा, तो तिसराच प्रकार.)

क्रोमियम, म्हणजे ज्याला आपण क्रोम म्हणतो तो धातू, दोन्हींत असल्यामुळे घोटाळा होतो. बंपरवर ते मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ थर म्हणून बसते आणि निळसर छटा देते. आरशासारखी खोली आणि गंजापासूनचे बहुतेक संरक्षण मात्र त्याखालच्या, कितीतरी जाड निकेलच्या थराकडून मिळते. कोरियन युद्धाच्या काळात अमेरिकेत निकेलच्या वापरावर निर्बंध आले आणि तेव्हाच्या गाड्यांचा मुलामा लवकर खराब झाला, तो याच कारणाने. स्टेनलेसमध्ये क्रोमियम पोलादात आरपार मिसळलेले असते, त्यामुळे त्याला सोलून निघेल असा थरच नसतो.

ओळखायचे कसे? लोहचुंबकावर विसंबू नये, कारण पट्ट्यांसाठी वापरलेल्या बऱ्याचशा स्टेनलेसला तो बंपरइतकाच चिकटतो. आकार अधिक खात्रीने सांगतो: जाड, फुगीर, ओतीव भाग बहुधा क्रोमचे, आणि पातळ, लांब, दुमडलेल्या पत्र्याचे भाग स्टेनलेसचे. माझ्या मते या गाड्यांचा डौल त्या पट्ट्यांच्या रेषेतच आहे. १९५८ च्या ब्यूकने ग्रिलवर १६० क्रोमचे चौकोन मांडले, तिथे डौलापेक्षा हव्यासच अधिक दिसतो.

दुरुस्तीच्या वेळी हा फरक थेट खिशाला जाणवतो. स्टेनलेसच्या पट्टीला पोचा आला, तर ती उतरवून मागच्या बाजूने लहान हातोडीने हलकेच ठोकून सरळ करतात, मग क्रमाने बारीक होत जाणारा पॉलिश पेपर आणि शेवटी बफ (चकाकी आणणारे कापडी चाक) फिरवला की मूळची चमक परत येते. बंपरचा मात्र जुना मुलामा पूर्ण उतरवून, पत्रा सरळ करून, तांबे, निकेल आणि क्रोम हे थर नव्याने चढवावे लागतात. सर्वांत अवघड असतात ती जस्ताच्या ओतकामाची चिन्हे आणि दारांच्या मुठी: मुलाम्याच्या सूक्ष्म छिद्रांतून ओल शिरते, आतले जस्त खाल्ले जाते आणि वर फोड उठतात. म्हणून अशी गाडी विकत घेताना बंपरच्या लखलखाटाआधी बॉनेटवरच्या चिन्हावरून बोट फिरवून पाहावे.