एकमत ‘अशक्य’ आहे, पण नेमकं कुठे?

‘नेटवर्कवर निरोप हरवतात, म्हणून नोड्सचं, म्हणजे जाळ्यात जोडलेल्या संगणकांचं, एका निर्णयावर एकमत अशक्य; १९८५ सालीच सिद्ध झालंय.’ हे वाक्य इतकं फिरलंय की मूळ निबंध कुणी उघडतच नाही. फिशर, लिंच आणि पॅटरसन यांच्या त्या सिद्धतेत एकही निरोप हरवत नाही! प्रत्येक पोचतो, फक्त कधी, याला मर्यादा नाही. त्यामुळे गप्प बसलेला नोड मेलाय की नुसता रेंगाळलाय, हे ओळखता येत नाही. मग एखादाच नोड बंद पडण्याची शक्यता असली, तरी नशिबाचा फासा न टाकणारा कुठलाही अल्गोरिदम ‘निर्णय होईलच’ अशी हमी देऊ शकत नाही. हमी नाही, एवढंच.

राफ्ट पाहा, नोड्सना एकमतावर आणणारा एक अल्गोरिदम. पाच नोड्स, तिघांचं बहुमत. कोणतीही दोन बहुमतं घ्या, एक तरी नोड दोन्हींत असतोच. म्हणून निरोप कितीही गळाले तरी दोन परस्परविरोधी निर्णय पक्के होत नाहीत. फार तर काम खोळंबतं. नोड्स आपल्यातूनच एक नेता निवडतात; त्यात मतं फुटली तर? प्रत्येकाची थांबण्याची मुदत यादृच्छिक, समजा १५० ते ३०० मिलिसेकंद. बहुधा एकजण आधी उठतो आणि निवडून येतो.

निरोप हरवण्याचं कोडं वेगळं, दोन सेनापतींचं: दोघांनी एकाच वेळी हल्ला करायचाय, पण निरोप्या वाटेत पकडला जाऊ शकतो; म्हणून पोच, मग पोचेचीही पोच, आणि हे संपतच नाही. लोकांनी दोन्हींची खिचडी केली.