गोल्ड फिल्ड दागिना: आत काय असतं आणि तो टिकवायचा कसा

तुम्ही घेतलेला दागिना भरीव सोन्याचा नाही आणि मुलाम्याचाही नाही. त्याची निगा, दुरुस्ती आणि किंमत या तिन्ही गोष्टी यावरच ठरतात, म्हणून हे पत्रक दागिना पहिल्यांदा घालण्याआधी वाचावं ही विनंती.

आत काय असतं

गाभा पितळेचा. त्यावर १४ कॅरेट सोन्याचा पत्रा उष्णता आणि दाब देऊन पक्का जोडतात आणि मग हा जोड लाटून पत्रा किंवा ओढून तार काढतात. मुलाम्यात सोनं द्रावणातून विजेने चढवतात आणि तो थर फारच पातळ असतो. अमेरिकेतल्या नियमांनुसार ‘गोल्ड फिल्ड’ म्हणायचं तर सोन्याचा थर एकूण वजनाच्या किमान १/२० हवा. इंग्रजीत ‘१/२० १४के जीएफ’ किंवा ‘१४/२०’ असा जो छाप दिसतो, त्याचा अर्थ एवढाच. नाजूक दागिन्यावर छापाला जागा नसते, तिथे पावतीवर कॅरेट, प्रमाण आणि एकूण वजन लिहिलेलं असतं. पावती सांभाळून ठेवा.

आता हिशेब. १० ग्रॅमची साखळी असेल तर तिच्यात १४ कॅरेटचं सोनं अर्धा ग्रॅम. १४ कॅरेटमध्ये शुद्ध सोनं ५८.५ टक्के, म्हणजे साधारण ०.२९ ग्रॅम. बाकी सगळं पितळ. त्यामुळे हा दागिना सराफाकडे मोडीत देता येणार नाही आणि त्यावर सोनेतारण कर्जही मागू नका. सराफाकडचं कॅरेट मोजायचं यंत्र मुख्यतः वरचा थर वाचतं, त्यामुळे तिथे दिसलेल्या आकड्यावर विसंबू नका. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख-क्रमांक, भरीव सोन्याच्या दागिन्यासाठी असतो. गोल्ड फिल्ड दागिन्यावर तो कुणी दाखवला तर तो खोटा समजा.

रंगाबद्दलही एक गोष्ट. आपल्याकडे डोळ्यांना २२ कॅरेटच्या पिवळ्याधमक सोन्याची सवय आहे. १४ कॅरेट त्याहून फिकं दिसतं. ते कमअस्सल म्हणून नव्हे, तर त्यात तांबं, चांदी, जस्त जास्त असतं म्हणून. आईच्या पाटल्यांशेजारी घालणार असाल तर हा फरक दिसेलच.

थराची जाडी: सगळ्यात महत्त्वाची बाब

१/२० हे वजनाचं प्रमाण आहे, ठरावीक जाडी नाही. तार जितकी बारीक, तितका सोन्याचा थर पातळ. १ मिलिमीटर जाडीच्या तारेवर तो साधारण ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ०.६४ मिलिमीटरच्या (२२ गेज) तारेवर ५ मायक्रॉनच्या आसपास आणि ०.४ मिलिमीटरच्या (२६ गेज) तारेवर जेमतेम साडेतीन. तुलनेसाठी, अमेरिकेत साध्या विद्युत-मुलाम्याला लागणारी किमान जाडी ०.१७५ मायक्रॉन आहे. म्हणजे बारीक तारेचा गोल्ड फिल्डसुद्धा त्याच्या कितीतरी पट जाड भरतो. पण छाप तोच असला तरी केसासारखी नाजूक साखळी आणि जाड कडं सारखीच वर्षं टिकतील अशी अपेक्षा धरू नका. रोज अंगावर राहणारा दागिना हवा असेल तर जाड तारेचा घ्या, थोडे पैसे जास्त पडले तरी. आमचा हा सल्ला ठाम आहे.

‘एक ग्रॅम’ या नावाने बाजारात मुलाम्यापासून पत्रा चढवलेल्या बांगड्यांपर्यंत बरंच काही मिळतं. त्या नावावरून थर किती जाड ते कळत नाही. कॅरेट आणि प्रमाण पावतीवर लिहून मागा.

पितळ उघडं पडतं ते कुठे

तार कापली की तिच्या तोंडाशी मधोमध पितळेचा गोल ठिपका दिसतो, भोवती सोन्याची बारीक कडी. भिंगातून हे स्पष्ट दिसतं. कानातल्याच्या आकड्याचं टोक, कडीचा सांधा, मंगळसूत्र गाठवताना दुमडून आत दाबलेलं तारेचं टोक, वाटीची कापलेली कड या सगळ्या ठिकाणी गाभा थोडा तरी उघडा असतो. हिरवट डाग आधी तिथेच येतो. घाम साचला की तांब्याचे क्षार होतात, ते पाण्याने निघतात. म्हणून घामाच्या दिवसांत दागिना काढल्यावर नुसत्या ओल्या फडक्याने ही टोकं पुसून कोरडी करा. बहुतेक हिरवट डागांची वेळच येणार नाही.

आकड्याचं हे टोकच कानाच्या छिद्रातून जातं, म्हणून नव्याने टोचलेल्या कानात गोल्ड फिल्ड घालू नका. कान पूर्ण भरल्यावर घाला. पितळेत सहसा निकेल नसतं, पण तांब्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी भरीव सोनंच वापरावं.

काळा पडला की झिजला?

काळसरपणा म्हणजे सोन्यातल्या चांदी-तांब्याची हवेतल्या गंधकाशी झालेली प्रक्रिया. तो वरवरचा असतो आणि धुतला, पुसला की जातो. झीज वेगळी. ती उंच जागी, कडांवर, साखळीच्या कड्या एकमेकींना घासतात तिथे दिसते. धुतल्यावरही तेवढा भाग लालसर किंवा वेगळ्या छटेचा पिवळा राहतो आणि हाताला नाण्यासारखा वास येतो. झीज भरून येत नाही. वरून मुलामा देता येतो, पण मग तिथला थर मुलाम्याइतकाच टिकेल.

धुणं

वाटीभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या सौम्य द्रवाचे दोन थेंब. दागिना पाच-दहा मिनिटं भिजू द्या, लहान मुलांच्या मऊ टूथब्रशने सांध्यांतून हळू फिरवा, स्वच्छ पाण्यात दोनदा खळबळा, जुन्या मलमलीत टिपून घ्या आणि तासभर पंख्याखाली ठेवा. ओल सांध्यात राहिली तर धुतल्याचा उपयोग नाही. रिठ्याचं गाळलेलं पाणीही चालतं.

नथ, मोत्याची कुडी, तन्मणी यांना मात्र भिजवू नका. मोत्यांवर साबण साचतो आणि दोऱ्यात ओवलेला असेल तर दोराही कुजतो. ते ओलसर फडक्याने पुसा, लगेच कोरड्याने.

टूथपेस्ट, सोडा, राख, पितळेची भांडी घासायची पावडर, चांदी उजळवायचं द्रावण यांतलं काहीही वापरू नका. घासणारी वस्तू पाच मायक्रॉनचा थर हळूहळू नेते आणि आम्ल उघड्या टोकांतून पितळ खातं. सोनाराकडे ‘जरा पॉलिश करून द्या’ असं सांगूनही देऊ नका. भरीव सोन्याला चालणारं बफिंग (फिरत्या चाकावर घासून चकाकी आणणं) इथे कडेवर एका बैठकीत पितळ दाखवतं.

रोजच्या वापरात

अत्तर, परफ्यूम, क्रीम, केसांचा रंग आधी, दागिना शेवटी. काढताना क्रम उलटा: दागिना आधी. तरणतलावातलं क्लोरीन आणि खारं पाणी यांपासून कटाक्षाने जपा. रात्री झोपताना साखळी काढा. उशीवर ती पिळली जाते आणि कड्या घासतात. रोजच्या मंगळसूत्रात काळ्या मण्याच्या भोकाची कड तारेला घासते, म्हणून वर्षातून एकदा ते दाखवायला आणा. झिजलेल्या कड्या तेवढ्या बदलून पुन्हा गाठवता येतं आणि वाट्या तशाच राहतात.

ठेवताना प्रत्येक दागिना वेगळ्या झिपच्या पिशवीत, हवा काढून, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह. रबरबँड कधीच गुंडाळू नका: त्यात गंधक असतं आणि रबराखाली काळी पट्टी उमटते. लोकरी कपड्याच्या घडीतही ठेवू नका. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात सिलिका जेल दोन महिन्यांनी बदला.

तुटलं तर

ज्योत लावून झाळून घेऊ नका. ताप जास्त झाला की सोनं खालच्या पितळेत मुरतं, तिथला रंग जातो, मग आम्लात टाकून, घासून तो भाग आणखी उघडा पडतो. अंगठी मोठी-लहान करण्याचंही हेच. तुटलेली कडी बदलणं किंवा लेझरने सांधणं हे दोन मार्ग योग्य. कडी घरी उघडायची झाली तर दोन सपाट चिमट्यांनी तिची टोकं एक पुढे, एक मागे अशी फिरवा आणि तशीच परत आणा. बाजूला ओढून फाकवली तर गोलाई जाते आणि वाकलेल्या जागी थर तडकतो. चिमट्याच्या जबड्यांना कागदी चिकटपट्टी लावून घ्या, म्हणजे ओरखडा येणार नाही.