कॅन्सरमुळे हाड मोडले तर: जनआरोग्य योजनेतून ऑपरेशनसाठी काय करावे

स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड किंवा थायरॉइडचा कॅन्सर हाडात पसरला की हाड आतून पोखरते आणि खाटेवरून उठतानाही मांडीचे हाड मोडू शकते. ते नुसत्या प्लास्टरने सहसा जुळत नाही. आत रॉड घालावा लागतो, खुब्याजवळ मोडले तर कधी सांधाच बदलावा लागतो. ‘कॅन्सर पसरलाच आहे, आता ऑपरेशन कशाला’ म्हणून आईला, बापाला घरी झोपवून ठेवू नका. ऑपरेशनने कॅन्सर जात नाही, पण दुखणे खूप कमी होते आणि बरेच जण पुन्हा उठू-बसू लागतात. हाडवैद्याकडे चोळायला तर अजिबात नेऊ नका.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता पिवळे, केशरी, पांढरे कोणतेही रेशनकार्ड चालते. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. तहसीलमध्ये वेगळा अर्ज करायचा नसतो. योजनेतल्या दवाखान्यात मदतीला बसणाऱ्या योजनेच्या माणसाकडे, म्हणजे आरोग्यमित्राकडे, नोंद होते आणि दवाखानाच ऑनलाइन मंजुरी मागतो. हाडांचे डॉक्टर आणि शेक (रेडिओथेरपी, म्हणजे कॅन्सरवरचे किरणोपचार) देण्याची सोय एकाच ठिकाणी असलेला दवाखाना निवडा. वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्राम आणि सावंगीच्या मेडिकल कॉलेजांच्या दवाखान्यांत या दोन्ही सोयी आहेत. पेशंटची प्रकृती फारच गंभीर असेल तर फोनवरून तातडीची मंजुरी घेता येते, कागद नंतर देता येतात.

रेशनकार्ड आणि आधारकार्ड दोन्ही मूळ न्या. नाव किंवा वय जुळत नसेल तर आधीच दुरुस्त करून घ्या, गाडी बहुतेक इथेच अडते. त्याहून महत्त्वाची कॅन्सरची जुनी फाइल: बायोप्सीचा (गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा) रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, केमो-शेकाचे कागद, सगळे एक्स-रे. ती नसेल तर डॉक्टरांना हे साधे फ्रॅक्चर वाटू शकते, आणि तसे समजून केलेले ऑपरेशन पुढे निकामी ठरू शकते. कॅन्सरचे निदान झालेलेच नसेल तर आधी बायोप्सी होते. तो उशीर गरजेचा असतो, घाई करू नका.

हाड मोडलेले नाही, पण रात्री दुखते, पाय टेकवत नाही? तेव्हाच एक्स-रे काढून दाखवा. मोडण्याआधी रॉड घालणे पेशंटला कितीतरी सोपे जाते.

ऑपरेशननंतर बहुतेकांना शेक लागतो. त्याची मंजुरी वेगळी असते, म्हणून सुट्टीआधीच आरोग्यमित्राला विचारा. मंजूर उपचारासाठी कोणी पैसे मागितले तर १५५३८८ वर तक्रार करा.