लंगडणारं रोटरी इंजिन

"रोटरी इंजिनात पिस्टन वर-खाली होत नाही, म्हणून ते थरथरतच नाही." परवा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलाने हे इतक्या ठामपणे सांगितलं की मला लिहायला बसावंच लागलं. त्याचं म्हणणं अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं ज्यांना माहीत असावं लागतं, त्यांत हे इंजिन स्वतः बांधलेल्या विमानात बसवून त्यातून उडणारे लोकही आहेत.

आधी एक घोटाळा दूर करतो. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या इंजिनालाही रोटरीच म्हणत. ग्नोम किंवा ल रोन इंजिनाचा मुख्य दांडा (शाफ्ट) विमानाला घट्ट बसवलेला असे आणि सगळे सिलिंडर प्रोपेलरसकट गरगर फिरत. ते वेगळं. आपण बोलतोय ते फेलिक्स वांकेल यांच्या नावाचं इंजिन. जर्मनीच्या एनएसयू कंपनीत ते १९५७ साली पहिल्यांदा चाललं आणि १९६७ पासून जपानच्या माझदाने ते मोटारींतून जगभर नेलं. आपल्याकडेही ते आकाशात गेलंय. अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेचा सहभाग असलेलं ५५ अश्वशक्तीचं वांकेल इंजिन २००९ साली कोलारजवळ 'निशांत' या मानवरहित विमानात बसून उडालं.

अमेरिकेतले हौशी विमानबांधणारे माझदाच्या आरएक्स-७ गाडीचं १३बी इंजिन आणतात, पूर्ण खोलून नव्याने भरतात आणि गॅरेजमध्ये बांधलेल्या दोन आसनी विमानाच्या नाकात बसवतात. इंजिन मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घेतं, प्रोपेलरला मात्र दोन-अडीच हजारच हवे असतात, म्हणून मध्ये वेग कमी करणारा गिअरबॉक्स येतो. पहिल्यांदा इंजिन चालू केल्यावर समोरच्या घड्याळांचे काटे धूसर दिसू लागले, की खरं काम सुरू होतं.

आत काय चाललंय ते पाहू. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर दांड्यावरच्या, मध्यापासून सरकलेल्या गोल भागावर बसलेला असतो. दांड्याचे तीन फेरे होतात तेव्हा रोटरचा एक होतो. रोटरचा मध्य दांड्याच्या मध्याभोवती १५ मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो. रोटरचं वजन सव्वाचार किलो धरा आणि ६००० आरपीएमला (मिनिटाला ६००० फेऱ्यांना) बाहेर ओढणारं बल काढा. उत्तर अडीच टनांच्या थोडं वर जातं. १३बी मध्ये असे दोन रोटर एकमेकांच्या विरुद्ध, १८० अंशांवर असल्याने ही बलं एकमेकांना रद्द करतात. पण ते एकामागे एक बसलेले असल्याने एक इंजिनाचं पुढचं टोक वर ओढतो तेव्हा दुसरा मागचं टोक खाली ओढतो. हे बलयुग्म मोडण्यासाठी पुढे आणि मागे काउंटरवेट, म्हणजे समतोल साधणारी वजनं, लागतात. ती दोन्ही योग्य असतील तर फिरत्या वस्तुमानाचा हिशोब पूर्ण मिटतो, आणि हे भाग्य चार सिलिंडरच्या साध्या पिस्टन इंजिनाला नाही. तो मुलगा एवढ्यापुरता बरोबर होता.

इथली नेहमीची चूक म्हणजे मागचं काउंटरवेट. हाताने गिअर बदलायच्या गाडीत ते फ्लायव्हीलमध्येच, म्हणजे दांड्याच्या टोकावरच्या जड चाकात, सामावलेलं असतं. विमानात जड फ्लायव्हील नको म्हणून तो काढतात आणि ऑटोमॅटिक गाडीतलं सुटं काउंटरवेट लावतात. मात्र वेगवेगळ्या वर्षांच्या रोटरांची वजनं वेगळी आहेत, म्हणून प्रत्येकाला त्याचंच काउंटरवेट लागतं. जोडी चुकली तर आरपीएम दुप्पट होताच हादरा चौपट होतो. वॉशिंग मशीनमध्ये कपडे एका बाजूला गोळा झाले की पिळायच्या वेळी जे होतं, तेच हे.

आता माझ्या आवडीचा भाग, इंधन जळण्याच्या ठोक्यांचा. प्रत्येक रोटर दांड्याच्या दर फेऱ्याला एक ठोका देतो, दोघांचे मिळून दोन. दोन्ही ठोके सारख्या जोराचे असतील तर इंजिन निरोगी माणसासारखं चालतं: टप, टप, टप, टप. एक रोटर अशक्त झाला, म्हणजे त्याचा इंधन फवारणारा इंजेक्टर तुंबला किंवा ठिणगी देणारा प्लग मेला, की तेच होतं टप, टुप, टप, टुप. माणूस लंगडतो तसं. मेकॅनिक याला 'इंजिन मिसिंग मारतंय' म्हणतात. लंगडणाऱ्याच्या चालीत नवी लय येते, पावलांच्या निम्म्या वेगाची. दर फेऱ्याला दोन ऐवजी एक.

ही निम्मी लय एवढी घातक का? इंजिन, मधलं रबरी कपलिंग, गिअर आणि प्रोपेलर मिळून एक पिळाचा झोका तयार होतो. एका बाजूला इंजिनाचं जड वस्तुमान, दुसऱ्या बाजूला प्रोपेलरचं, मध्ये रबराची स्प्रिंग. या झोक्याची स्वतःची एक वारंवारिता असते. उदाहरणापुरती ती सेकंदाला २५ धरू. झोक्याला त्याच्याच तालात धक्के मिळाले तर लहान धक्क्यांनीही तो उंच जातो, हा शाळेत शिकलेला अनुनाद. दर फेऱ्याला दोन ठोके देणारं इंजिन ७५० आरपीएमला सेकंदाला २५ ठोके देतं. विमानातलं इंजिन इतकं सावकाश चालवतच नाहीत. सुरू आणि बंद होताना ते या वेगातून क्षणभर जातं, बस. बांधणाऱ्याने कपलिंग मुद्दाम मऊ निवडलेलं असतं ते याचसाठी.

पण एक रोटर लंगडला, की दर फेऱ्याला एक ठोका उरतो आणि सेकंदाला २५ चा हिशोब १५०० आरपीएमला जुळतो. इंजिन जमिनीवर उभं असताना तिथेच तर घुटमळतं! गिअरचे दात एकमेकांवर आपटून खडखडाट होतो, कपलिंगचं रबर झिजतं आणि त्याची काळी भुकटी खाली पडते. बिघाड दहा रुपयांच्या रबरी नळीत किंवा प्लगच्या सैल तारेत असतो आणि मालक गिअरबॉक्स उघडून बसतो.

याहून वाईट गोष्ट वांकेलची खास आहे. रोटरच्या तीन टोकांवर पट्टीसारख्या सील असतात, रोटर आणि बाहेरची भिंत यांच्यामधले तीन कप्पे एकमेकांपासून वेगळे ठेवणाऱ्या. एक पट्टी फुटली तर तिच्या दोन्ही बाजूंचे कप्पे गळतात, तिसरा शाबूत राहतो. म्हणजे रोटरच्या एका फेऱ्यात, दांड्याच्या तीन फेऱ्यांत, ठोके पडतात: अशक्त, अशक्त, जोराचा. हादऱ्याची लय दांड्याच्या एक तृतीयांश. चार स्ट्रोकच्या पिस्टन इंजिनात एक सिलिंडर बिघडला तर लय निम्मी होते, तिसरा हिस्सा कधीच नाही. आता २५ ला तीनने गुणा, मग ६० ने: ४५०० आरपीएम. म्हणजे ऐन प्रवासाच्या वेगाला, हवेत.

म्हणून पहिलं काम हादरा मोजणं, काहीही उघडायच्या आधी. ४५०० आरपीएमला दांडा सेकंदाला ७५ फेरे घेतो, ठोके पडतात १५०, रोटर फिरतो २५ वेळा. गिअर २.१७ : १ चा असेल, आणि हा आकडा अशा विमानांत बराच वापरला गेलाय, तर प्रोपेलर फिरतो साधारण ३४.६ वेळा. चारही आकडे वेगळे. हादऱ्याच्या आलेखात ३४.६ ला शिखर दिसलं तर प्रोपेलर असमतोल आहे, इंजिनाला हात लावू नका. ७५ ला दिसलं तर काउंटरवेट तरी चुकलंय किंवा एक रोटर तरी लंगडतोय. त्यांतलं कोणतं, हे इंजिनाचा वेग बदलून कळतं: लंगडणं सावकाश चालताना जास्त बोचतं, काउंटरवेटची चूक वेगाबरोबर वाढत जाते. दोन्ही रोटरांच्या धुराचं तापमान वेगळं मोजत असाल तर ते काटे बघा, लंगड्या रोटरचा काटा गडबड सांगतोच. गिअर ३ : १ चा असता तर मात्र प्रोपेलर आणि रोटर एकाच वेगाने फिरले असते आणि नुसत्या वारंवारितेवरून दोघांतला फरक ओळखता आला नसता.

मोबाइलमधल्या सेन्सरने मोजायला हरकत नाही, पण एक सापळा आहे. मोबाइल सेकंदाला १०० नोंदी घेत असेल तर त्याला ५० च्या वरचं खरं दिसत नाही. ७५ चा हादरा त्याच्या आलेखावर १०० उणे ७५, म्हणजे नेमका २५ वर उमटू शकतो. काउंटरवेटची चूक सील फुटल्यासारखी दिसेल! यावर उपाय सोपा आहे. वेग ४८०० करा. रोटरचा खरा हादरा २५ वरून २६.७ वर चढेल, खोटा मात्र १०० उणे ८० म्हणजे २० वर उतरेल. शिखर कोणत्या दिशेला सरकलं ते पाहिलं की झालं. या युक्तीचा मला आजही आनंद होतो.

इंधनाच्या नळीला चुंबक लावून आणि टाकीत कसलंसं द्रव ओतून 'इंजिन मऊ चालतं' असं सांगणारे विक्रेते आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालावा, त्यात कष्टाच्या वस्तूबद्दलची कृतज्ञता आहे. पण नजर लागली म्हणून लिंबू-मिरची बांधली तर फुटलेली सील सांधत नाही, आणि चुंबकानेही नाही. या दोन्हींवर विसंबून कुणी धावपट्टीवर जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

सीलचा संशय आला तर निदान हातांनी करता येतं. इग्निशन बंद करा, बॅटरीची तार सोडा. प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात; संशयित रोटरचा वरचा, ट्रेलिंग (नंतर ठिणगी देणारा) प्लग काढा आणि दुसऱ्या रोटरचे दोन्ही, म्हणजे ओढ कमी होते. एकाने प्रोपेलर सावकाश फिरवायचा, दुसऱ्याने प्लगच्या भोकापाशी तळवा धरायचा. तीनही कप्पे ऐकायला दांड्याचे तीन फेरे, म्हणजे प्रोपेलरचा जवळजवळ दीड फेरा लागतो. फस्स, फस्स, फस्स असे तीन सारखे फवारे हातावर आले तर सील ठीक आहेत. एकच जोराचा आणि दोन मलूल आले तर टोकाची पट्टी गेली. दोन चांगले आणि एकच मलूल असेल तर बाजूची सील बघायची. ही चाचणी दोन्ही रोटरांवर, इंजिन गरम असताना आणि थंड झाल्यावर, अशी चार वेळा करावी. नवी सील घालून इंजिन पुन्हा भरलं की कपलिंगखाली एक पांढरा कागद चिकटवून तासभर जमिनीवर चालवायचं आणि कागदावर काळी भुकटी पडलीय का ते पाहायचं.